शेडमध्ये एक टिकली
परवा आमच्या बाळकुमच्या सोसायटीत माळ्याने कुंड्यांसाठी भाताचं तूस आणलं आणि त्या कोरड्या, घशात खवखवणाऱ्या वासासरशी मला जमिनीवर असंच तूस पसरलेली टिटवाळ्याची आमची ब्रॉयलरची शेड आठवली. मी शाळेत असताना एका उन्हाळ्यात तिथे मानमोडी आलेली. लस टोचूनही पांढऱ्या कोंबड्या माना वाकड्या करून मरत होत्या आणि बाबा खड्ड्यात चुना टाकून त्यांना पुरत होते. मग एका सकाळी, शेड शांत झाल्यावर, आतून त्यांची हाक आली, “अगं, एक टिकली!” आई वैतागून म्हणाली, “एका कोंबडीचं काय करायचंय? देऊन टाका कुणाला तरी.” पण आमचे बाबा भारी हट्टी. “हिला नाही देणार. रोग सोसायचं हिच्या रक्तातच आहे, ते पिलांत उतरेल.” ब्रॉयलर फार वाढली की तिचे पाय तिला पेलत नाहीत, म्हणून बाबा तिला बेतानेच खायला घालत, उचलून उन्हात नेत. तिला त्यांनी आमच्या गावठी कोंबड्याबरोबर ठेवलं आणि तिची अंडी आईच्या खुडूक कोंबडीखाली उबवली. पिलं निघाली ती कबरी, चपळ. त्याच हिवाळ्यात बाबा गेले. पुढच्या उन्हाळ्यात मानमोडी पुन्हा आली, आजूबाजूची खुराडी ओस पडली. रोग ओसरल्यावर आईने आमच्या खुराड्याचं दार उघडलं, कबऱ्या फडफडत बाहेर पडल्या, आणि ती रिकाम्या शेडकडे तोंड करून ओरडली, “अहो, टिकली हो सगळी!” शेडमधून ओ आली नाही. परवा त्या तुसाच्या पोत्यापाशी मी बराच वेळ उभी होते, तीच ओ ऐकायला.