आजोबांची वाकलेली काठी

आंबिलाचा आंबूस वास आला की रानात पूजा करायच्या वेळ अमावस्येचा तो दिवस आठवतो, पोरांनो. तुमच्या आजोबांना म्हाताऱ्याची काठी नको होती, म्हणून तुमच्या बाबांनी बर्फावर घसरण्याच्या खेळातली काठी आणली होती. कार्बनची एकदम तुटते, म्हणून मुद्दाम ॲल्युमिनियमची. तिच्या आधाराने आजोबा पेडगावच्या शेतात ज्वारीभोवती आंबील शिंपडायला निघाले. अर्ध्या फेरीत काठीच्या टोकाची चकती काळ्या मातीच्या भेगेत अडकली, त्यांनी ती आडवी रेटली आणि काठी वाकली. ते ती सरळ करू लागले, तशा माझ्या मोठ्या जाऊबाई म्हणाल्या, "राहू द्या भाऊजी, मोडंल. बर्फाला पुरून उरली अन् आपल्या रानानं वाकवली की वो." माझेही गुडघे दुखत होते. मी म्हटलं, "पुरे आता, माझा हात धरा." "फेरी अर्धी सोडत न्हाईत," म्हणत ते त्याच वाकड्या काठीवर हळूहळू पुढे गेले, मी आंबिलाचा तांब्या घेऊन मागे. यंदा ते नाहीत, फेरी मलाच घालायची आहे. नवी काठी पाठवू का, असं तुम्ही विचारता. नको. वाकल्यामुळे ती जरा आखूड झाली आहे, माझ्या उंचीला बरोबर येते.