मास्तरांची दुखणी

आमच्या मास्तरांइतक्या वेळा मेलेला माणूस अख्ख्या कोल्हापूर जिल्ह्यात शोधून सापडायचा नाही. नव्वदीच्या दशकात राजारामपुरीत एका दुकानावरच्या दुसऱ्या मजल्यावर त्यांचा प्रथमोपचाराचा वर्ग चालायचा. शिरोलीच्या कारखान्यांत दवाखान्याची एक खोली असते. डॉक्टर तिथं फिरकला तर तासभर, बाकी वेळ ती खोली सांभाळायची आमच्यासारख्या पोरांनी. जखम बांधायची, भाजलेलं बघायचं, कुणाला ताबडतोब गाडीत घालायचं आणि कुणाला पाणी पाजून नुसतं बसवायचं ते ठरवायचं. हे सगळं मास्तर शिकवायचे, आणि शिकवायचे म्हणजे स्वतः पेशंट होऊन आडवे व्हायचे. उमेदीची वर्षं सगळी लष्करी इस्पितळातल्या नोकरीत गेलेली, मिशा झुपकेदार, आवाज तालमीतल्या वस्तादाचा. दारातून आत येतानाच त्यांना काहीतरी झालेलं असायचं. एक दिवस लंगडत, दुसऱ्या दिवशी पोट धरून. 'आज मी फौंड्रीतला गडी हाय. हातावर लोखंडाचा तापलेला रस सांडलाय. करा काय करायचं ते,' असं म्हणून जे बोंबलायला सुरुवात करायचे, की खालच्या मजल्यावरच्या गणिताच्या क्लासचे सर हातातल्या खडूसकट वर पळत यायचे. पहिल्यांदा आले ते घाबरून, पुढं भांडायला.

मी गडहिंग्लजचा. भाजलं की आमच्या घरी टूथपेस्ट लावायचे, म्हणून मीही पहिल्या दिवशी ती शोधायला लागलो. मास्तरांनी तळमळता तळमळता एक डोळा उघडला. 'लेका, माझ्या हाताला दात फुटल्यात व्हय रं? पाणी सोड की आधी हातावर!' आणि पुन्हा 'आई गं, मेलो गं' सुरू. उपचार चुकला तर तिथल्या तिथं मान टाकायचे. 'मेलो मी. जा आता, माझ्या बायकोला सांगून ये.' मेल्यावरही गप्प राहतील तर शपथ! कुठं चुकलं ते मेल्या मेल्याच सांगायचे. त्यांची खरी बायको कधीच गेली होती, पोरबाळ नव्हतं. वर्गातल्या त्या फौंड्रीच्या गड्याला मात्र बायको होती, कॉलेजात जाणारी पोरगी होती, आणि तिच्या लग्नाची काळजीसुद्धा होती.

वर्ग सुटला की आम्ही पट्ट्या सोडायला जायचो, तर हात मागं घ्यायचे. 'ऱ्हाऊ दे, झ्याक बसलीया.' डोक्याला पट्टी, हात गळ्यात, अशी ही स्वारी सिटी बसमध्ये चढायची. लगेच कुणीतरी उठून जागा द्यायचं. 'काय झालं पावणं?' मग काय विचारता! कधी म्हशीनं मारलेलं असायचं, कधी कुणाला तरी वाचवताना माडीवरून पडलेले असायचे. घरी पोचले की शेजारची मावशी आमटीभात घेऊन यायची आणि असल्या वयात जपून राहावं म्हणून दम देऊन जायची. आम्ही पोट धरून हसायचो. म्हातारा फुकटच्या आमटीला सोकावलाय म्हणायचो. अहो, त्या माणसाला एरवी 'काय झालं' म्हणून विचारणारं कुणी नव्हतं, हे टाळक्यात शिरायला आम्हालाही थोडं वय व्हावं लागलं.

पुढं मला शिरोलीच्या एका फौंड्रीत दवाखान्याची खोली मिळाली, आणि रविवारी मी मास्तरांच्या हाताखाली शिकवायला जायला लागलो. दोन हजार साल उलटलं आणि वर्गाचा खर्च उचलणाऱ्या संस्थेच्या मंडळींनी एक पुतळा आणला. रबरी माणूस. बंद पडलेलं काळीज चालू करायला छाती कशी दाबायची ते त्याच्यावर शिकायचं; बरोबर दाबली की टक् वाजायचा. खोटं कशाला बोलू, पुतळा कामाचा होता. जित्या माणसाची छाती तशी दाबायला गेलं तर बरगडी मोडायची. मास्तरांनाही ते कळत होतं, म्हणून तर जास्त राग. 'ह्येला दुखतंय का? ह्यो शिव्या देतोय का? असा गप पडतोय व्हय कामगार?' पण पोरांना पुतळा फार आवडला. मास्तर बाकावर आडवे होऊन कण्हत असायचे आणि पोरं पुतळ्याभोवती. शेवटी मंडळींनी फार गोड शब्दांत सांगितलं, 'मास्तर, आता या वयात तुम्ही कशाला पडताय? खुर्चीवर बसून सांगा.' मास्तर खुर्चीवर बसले. त्या दिवशी ते एकही पट्टी न बांधता बसमध्ये चढले आणि वरच्या दांड्याला धरून उभे राहिले. मी खालून बघत होतो. कुणी उठलं नाही. थोड्याच दिवसांत त्यांनी वर्गाला येणं बंद केलं.

मग एका दुपारी फौंड्रीचा वॉचमन त्यांना दंडाला धरून माझ्या खोलीत घेऊन आला. 'छातीत कळ आलीया,' मास्तर म्हणाले. हे खरं की नाटक, ते ओळखायची सोय या माणसानं ठेवली होती कुठं? कॉटवर निजवलं. कधीपासून, कुठं, हाताकडं जातीय का, सगळं विचारलं. रक्तदाब बघितला, छाती ऐकली, मनगट धरलं. नाडी एखाद्या पैलवानाची असावी तशी. तरी म्हटलं, डॉक्टरांना फोन करतो, आणि उठायला लागलो.

'नगो,' मास्तर म्हणाले. 'काय झालेलं न्हाई मला. ठावं हाय.'

'मग वो मास्तर?'

'घरात कोण हात लावत न्हाई रं,' मास्तर म्हणाले. 'धर की जरा. बरं वाटतंय.'

मी बसलो आणि त्यांचं मनगट पुन्हा हातात धरलं. तेवढ्यात भोंगा झाला, शिफ्ट सुटली आणि दाराशी नेहमीची गर्दी जमली. कुणाला पित्त, कुणाचं डोकं. एकानं आत मुंडी घालून विचारलं, 'आमचा नंबर कवा?'

मास्तर उठायला लागले. मी मनगट सोडलं नाही.

'थांबा रं भाईर,' मी म्हणालो. 'पेशंट हाय आत.'