तिसऱ्या डब्यानंतरचा आवाज

त्याला सगळे डॉक्टर म्हणत, आणि टिंगलीनं नव्हे. लांब दांड्याचा एक स्क्रूड्रायव्हर होता त्याच्याकडे. चालू इंजिनावर त्याचं टोक टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटायचे. त्या वेळी कुणी तोंड उघडलं तर शिवी ठरलेली. मग डोळे उघडून तो म्हणायचा, "ऐकलं." हा शब्द बाहेर पडल्याशिवाय त्याच्या गॅरेजातून गाडी हलत नसे. मालक कितीही तापलेला असो, बाहेर कितीही हॉर्न वाजोत. आणि एकदा का "ऐकलं" म्हणाला, की माणूस बायकापोरांना घेऊन खुशाल घाटरस्त्याला लागे.

हा कान त्याला बापाच्या शिवणयंत्रानं दिला. बाप शिंपी. राहायची आणि धंद्याची खोली एकच, मधे एक पडदा. पोरगं पडद्याआडून पाढे म्हणता म्हणता थांबायचं आणि सांगायचं, "बाबा, सुई मोडणार." दोन बोटं कापड पुढे सरकलं की सुई कट्कन मोडायची. बापाला वाटायचं, कार्टं पनवती आहे. थोरली बहीण तेवढी म्हणायची, "पनवती नाही हो, त्याला ऐकू येतं." त्या घरात त्याच्या कानावर पहिला विश्वास ठेवला तो तिनं. पुढे शाळा आठवीत सुटली. का सुटली असं विचारणाऱ्याला तो आजही उलट विचारतो, "तुमची पुरी झाली ना? मग तुम्ही काय दिवे लावले?"

ती थोरली बहीण, म्हणजे ताई. नवरा लवकर गेला, तेव्हा तिनं रडणं आवरलं आणि गाडी शिकली. नाक्यावरचे बाप्ये हसले. आज त्या हसणाऱ्यांचेच आईबाप तिच्या मागच्या सीटवर बसतात. मूत्रपिंडं थकलेली म्हातारी माणसं ती दवाखान्यात डायलिसिसला नेते, तिथंच थांबते आणि परत घरच्या दारात सोडते. यंत्रावरून उठलेल्या माणसाच्या पायात कापूस भरलेला असतो. त्याला बसची पायरी चढ म्हणून सांगणाऱ्यानं आधी स्वतः चढून दाखवावी. ताईच्या गाडीला पायरी नाही. गाडी मात्र जुनी, तिच्या लग्नाच्याही आधीची. तिचं इंजिन चालायचं ते पातेल्यात चमचा ढवळल्यासारखं टिकटिक करत, आणि मधेच एक खोकला. गल्लीच्या तोंडाशी तो खोकला आला की डॉक्टर हातातला पाना खाली ठेवायचा आणि चहा सांगायचा.

त्या दिवशी ताई आली ती चहाला नाही.

"नापास," ती म्हणाली.

"कोण?"

"मी! कोण म्हणजे? गाडी नापास, धुराच्या तपासणीत. एकदा संधी देणार. परत नापास झाली की नंबरप्लेट काढून घेणार आणि गाडी भंगारात."

जुन्या गाड्यांसाठी हा नियम नव्यानंच आला होता. नियम करणाऱ्यांच्या गाड्या मोबाईलसारख्या बदलतात, त्यांना भंगार म्हणजे काय ते कशाला कळेल? डॉक्टरनं त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. ताईनं तो शांतपणे ऐकून घेतला आणि विचारलं, "झालं? आता काय करायचं ते सांग."

करायचं काय ते त्याला ठाऊक होतं. इंजिनाचं हेड उतरवायचं, पिस्टनवरची काजळी हातानं खरवडायची, खालचं ऑइलचं चेंबर खोलून तळाचा गाळ काढायचा. पण त्याला आठवडा गेला असता, आणि डायलिसिस आठवडाभर थांबत नाही. म्हणून जन्मात केलं नव्हतं ते त्यानं केलं. रस्ता ओलांडून तो स्पेअर पार्टच्या दुकानात सफाईचं केमिकल मागायला गेला.

हा पार्टवाला त्याचा जुना गिऱ्हाईक-मित्र-वैरी. इंजिनाच्या ऑइलमध्ये ओतायचं आणि आतली घाण विरघळवायचं ते केमिकल तो वर्षानुवर्षं विकत होता, आणि डॉक्टर वर्षानुवर्षं त्याला "डब्यातली अक्कल" म्हणत होता.

"या डॉक्टर, या! आज औषध द्यायला आलात की न्यायला?"

"दात काढू नकोस. एक डबा दे."

"एकच? गाडीचं वय बघा की. तिला एकानं काय होतंय!"

रीत सोपी होती. जुन्या ऑइलमध्ये डबा ओतायचा, इंजिन थोडा वेळ स्लोवर चालू ठेवायचं, गरम असतानाच सगळं खाली सोडायचं आणि नवं ऑइल भरायचं. डॉक्टरनं तसंच केलं. खालच्या घमेल्यात जे उतरलं ते ऑइल म्हणायच्या लायकीचं नव्हतं. काळं, जाड, डांबराच्या सख्ख्या भावासारखं. इथं थांबला असता तर ही गोष्टच झाली नसती. पण तो शिंप्याचा पोरगा. बाप रंग जाणारं कापड शिवायला घेण्याआधी पाणी नितळ येईपर्यंत खळबळायचा. रंगीत पाणी निघालं म्हणजे कापड अजून खोटं बोलतंय, असं म्हणायचा. काळं उतरलं म्हणजे आत अजून आहे. डॉक्टरनं दुसरा डबा आणला. मग तिसरा. तिसऱ्या खेपेला घमेल्यात कोऱ्या चहासारखं उतरलं, तेव्हा त्यानं फडक्याला हात पुसले आणि रस्त्यापलीकडे ऐकू जाईल अशी शीळ घातली.

नवं ऑइल भरून गाडी चालू केली. स्क्रूड्रायव्हर टेकवला, डोळे मिटले.

काहीच नाही.

म्हणजे आवाज होता, गुळगुळीत, एकसारखा. टिकटिक गेली होती, खोकलाही नव्हता. त्यानं टोक पुढे टेकवलं, मागे टेकवलं, रेस देऊन पाहिली. इंजिन बोलत होतं, पण अनोळखी माणसानं दार उघडून "कोण पाहिजे?" म्हणावं तसं. हे बरं म्हणायचं की वाईट?

"ऐकलंस?" ताईनं विचारलं.

"आधी तपासणी करून ये," तो म्हणाला. ताईनं भुवई उंचावली, पण तपासणीची वेळ होत आली होती.

गाडी पास झाली. ताई परत आली ती हॉर्न वाजवत. पार्टवाला दुकानाच्या फळीवरून उतरून टाळ्या वाजवायला आला. डॉक्टर मात्र गाडीखाली वाकून बघत होता. इंजिन आणि गिअरबॉक्स जिथं जुळतात तिथून थेंब पडत होता. या गाडीनं आजवर धूर सोडला होता, पण जमिनीवर कधी थेंब सोडला नव्हता.

"गळतेय," तो म्हणाला.

"पास झालीय," ताई म्हणाली.

"पास झालीय आणि गळतेय."

"असं कसं?"

"तेच मी म्हणतोय. असं कसं?"

पार्टवाल्यानं लगेच अंग काढून घेतलं. "माल एक नंबर आहे. घाण साफ करायला सांगितली, केली. जोडावरचं रबरी सील जुनं होऊन कडक झालं असेल त्याला केमिकल काय करणार? आणि तीन डबे टाका असं मी म्हटलं होतं का?"

"म्हटलंस! वय बघा म्हटलंस!"

"गंमत केली हो मी!"

डॉक्टरचा हात उगारला गेला होता. ताई मधे उभी राहिली म्हणून पार्टवाल्याचा चष्मा वाचला. तेवढ्यात गाडीच्या काचेआड ऑइलचा लाल दिवा मिणमिणला आणि विझला. तिघांनीही तो पाहिला. डॉक्टरनं धावत जाऊन चावी फिरवून गाडी बंद केली.

चेंबर उतरवलं तेव्हा त्यातलं अर्धं कोडं सुटलं. ऑइल खेचणाऱ्या नळीच्या तोंडाशी जाळी असते; ती काळ्या पापुद्र्यांनी भरली होती. तीन डब्यांनी सगळीच घाण विरघळली नव्हती. काही नुसती सुटी झाली होती, आणि सुटी झालेली घाण जाऊन जाळीवर बसली होती. पंप ऑइल ओढत होता आणि ऑइल येत नव्हतं. असंच आणखी थोडं चाललं असतं, तर भर रस्त्यात इंजिन जाम झालं असतं. मागच्या सीटवर तीन म्हातारी माणसं घेऊन.

त्यानं जाळी धुतली, चेंबर पुसून बसवलं. दिवा विझला तो विझलाच. पण थेंब पडतच होता. आणि आवाज? तोच गुळगुळीत परका आवाज. आता आतला पापुद्रा सगळा सुटला होता, की आणखी कुठं चिकटून वेळ बघत बसला होता? एरवी हे त्यानं स्क्रूड्रायव्हरवरून सांगितलं असतं. आज सांगता येईना. मग त्याच्या मनात भलतंच आलं: बदललं कोण? इंजिन, की कान?

घरी जाऊन त्यानं स्क्रूड्रायव्हर फ्रिजच्या पाठीला टेकवला. मग मिक्सरला. बायको परातीत कणीक मळत होती, ती हात न धुता बघतच राहिली.

"अहो, मला पण लावून बघा. आत बरंच साचलंय."

त्याला हसू आलं नाही. मग त्यानं पहिल्यापासून सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि कणीक तिंबत म्हणाली, "माझ्या वडिलांचं असंच झालं होतं. दातांचं कीट काढून घेतलं. दात पांढरेशुभ्र झाले, आणि दुसऱ्या दिवसापासून हलायला लागले. दातवाला म्हणाला, दात आधीच सैल होते, कीट त्यांना धरून होतं."

"मग चूक कुणाची?"

"ते मला काय माहीत? बाबा तर म्हणायचे, मळक्या दातांनी चांगलं खात होतो."

म्हणजे घाणच सीलचं काम करत होती? मग ती साफ करायची नव्हती? पण साफ केली नसती तर गाडी भंगारात गेली असती. मग एकच डबा पुरला असता का? पुरला असता कदाचित. की एका डब्यानंही थेंब सुरू झाला असताच? असल्या प्रश्नाला पाना लागत नाही. तो ताटावरून तसाच उठला.

सकाळी ताई गॅरेजच्या दारात उभी. "सील कधी बदलशील?"

"गिअरबॉक्स उतरवावा लागेल. रविवारी. त्या दिवशी डायलिसिस बंद असतं ना?"

"असतं. पण आज नाही. गुरुजी डायलिसिसला जायला तयार होऊन बसलेत, बाकीचे दोघंही. एका शब्दात सांग. नेऊ की नको? ऐकलंस की नाही?"

उभ्या आयुष्यात हा प्रश्न त्याला दोनदा विचारावा लागला नव्हता. 'ऐकलं' म्हणणं सोपं होतं. जिभेच्या टोकावर बसलेला शब्द तो, नुसती जीभ हलवायची. ताई गाडी घेऊन गेली असती, आणि बहुतेक काही झालंही नसतं. बहुतेक. पण लहानपणी बापापुढे हिनंच म्हटलं होतं, त्याला ऐकू येतं.

"ताई," तो म्हणाला, "ऐकू येतंय. कळत नाहीये."

ताईनं गाडीची चावी या हातातून त्या हातात घेतली. तिला चिडायचं होतं की काय, ते तिचं तिलाही ठरवता येईना.

"म्हणजे नेऊ नको?"

"ने. पण मी येतो. दिवा लुकलुकला तर तिथल्या तिथं बंद करू. सावकाश चालव, घाटाकडून नको."

त्यानं शटर ओढलं. दिवसा शटर ओढलेलं बघून पार्टवाला फळीवर उभाच राहिला. डॉक्टर पुढच्या सीटवर बसला. मांडीवर ऑइलचा डबा, पायाशी पान्यांची पिशवी, हातात स्क्रूड्रायव्हर. दर सिग्नलला टोक पायापाशी पत्र्याला टेकवून तो डोळे मिटायचा. मागे बसलेले गुरुजी, शाळेतून रिटायर होऊन जमाना झालेले, पुढे वाकले.

"काय म्हणतंय हो?"

"तुम्ही बोलायचं थांबलात तर सांगतो."

गुरुजी थांबले. मागच्या दोघांनीही श्वास आवरला. ताईनं ब्रेकवर पाय ठेवून मान वळवली. सिग्नल हिरवा झाला, मागचे हॉर्न कोकलायला लागले, तरी गाडी हलेना.

"काय?" ताई म्हणाली.

"काही नाही. दिवा विझलेला आहे. चल."

"म्हणजे ऐकलंस?"

"चल तर. पुढच्या सिग्नलला परत ऐकतो."