अकरावा रकाना

गुरं पाण्यावर न्यायची तर माणसाने पुढे चालायचं नसतं. पुढे म्होरकी चालते. तिला वाट ठाऊक असते, बाकीच्या गायींना तिची शेपटी ठाऊक असते, आणि माणूस सगळ्यांच्या मागून येतो, हातातली काठी हातातच ठेवून. आक्का पन्नास वर्षं अशी मागून चालली. तिच्या हयातीत चार म्होरक्या झाल्या. ही गोष्ट चौथीच्या वेळची, म्हणजे आक्काच्या म्हातारपणातली.

चौथी म्होरकी तांबूस होती. कालवड असताना दगडांच्या फटीत अडकून तिचा उजवा पुढचा खूर फाटला होता आणि तसाच वेडावाकडा भरून आला होता. ओल्या मातीत तिचा पाय पडला की सही केल्यासारखा ओळखू यायचा.

घर चढावर होतं. तीन खोल्या, आणि घराहून मोठा गोठा. मधल्या खोलीत आक्काचा धाकटा भाऊ राहायचा. तो सरकारी कचेरीत हेडक्लार्क होता. आधी बायको गेली, मग नोकरी संपली, तेव्हा एक टेबल आणि दोन पेट्या फायली घेऊन तो बहिणीकडे आला. दूध न्यायला येणारा गाडीवाला त्याला अजून हेडक्लार्कसाहेब म्हणायचा. त्यात मान किती आणि थट्टा किती, हे भावाने कधी तपासून पाहिलं नाही. गोठ्यात त्याचा काडीचा उपयोग नव्हता. "शेणाला फाइल लागत नाही रे," आक्का म्हणायची, "नाहीतर सगळ्यांच्या आधी तूच उठला असतास." तो हसायचा. टोपलं उचलायला मात्र यायचा नाही.

घराखाली ओढा होता. आक्काच्या लहानपणी त्याच्या तळाचे गोटे मोजता येत. तिची आई दुधाच्या चरव्या त्याच पाण्यात विसळायची. पुढे गुरं वाढली, वरच्या अंगाचीही आणि खालच्या अंगाचीही. खुरांनी काठ तुडवले गेले, दरडी ढासळल्या, लव्हाळं नाहीसं झालं. उन्हाळ्यात पाण्याला चहाचा रंग यायचा. आक्का त्याबद्दल फारसं बोलायची नाही. चरव्या ती नळाखाली धुवायची आणि ओढ्याकडे पाठ करून धुवायची, एवढंच.

म्हणून ओढे राखायची सरकारी योजना आली तेव्हा पहिलं नाव तिने दिलं. दोन्ही काठांना वीस-वीस पावलं जागा सोडून तारेचं कुंपण घालायचं, दहा वर्षं आत एकही जनावर जाऊ द्यायचं नाही. खांब, तार, उन्हावर चालणारा पंप आणि घरामागे पाण्याचा हौद सरकार देणार, वर दर वर्षाला वैरणीची मदत. तीनदा आत खुरं दिसली की करार रद्द, सगळं सामान परत.

अर्ज भावाने भरला. त्याचं अक्षर मोत्यासारखं, आणि चौतीस वर्षं लोकांचे अर्ज त्याने कोऱ्या रकान्यांपायी परत केलेले. "कोरा रकाना म्हणजे उघडं फाटक," तो म्हणायचा. जिथे लिहिण्यासारखं काही नसेल तिथे तो ठसठशीत 'निरंक' लिहायचा. संध्याकाळ होती, धारेची वेळ. गोठ्यात एक पहिलटकरीण गाय अडली होती आणि आक्काचे हात कोपरापर्यंत भरले होते.

भावाने खिडकीतून हाक मारली, "आक्का, अकरा नंबरला काय लिहू?"

"आधीच्यांत काय लिहिलंस?"

"निरंक."

"मग तेच लिही. माझे हात अडकलेत."

अकराव्या रकान्यात विचारलं होतं: जनावरांना ओढ्यावर उतरण्यासाठी राखीव वाट हवी असल्यास जागा दाखवावी. भावाने प्रश्न वाचला. हौद दारात येणार होता, मग वाट कशाला, असं त्यालाही वाटलं. त्याने मोत्यांची तीन अक्षरं लिहिली. त्या रात्री वासरू जगलं आणि अर्ज बिनचूक गेला.

कुंपण झालं. पहिल्याच वर्षी आतलं गवत गुडघ्यापर्यंत आलं. दुसऱ्या वर्षी काठांनी धर धरला, लव्हाळं परत फुटलं, आणि एका सकाळी आक्काला तारेबाहेरून तळाचे गोटे दिसले. ती बराच वेळ उभी राहिली. घरी येऊन भावाला म्हणाली, "आईच्या वेळचं पाणी आलंय." भाऊ चष्मा शोधत तिच्याबरोबर बघायला गेला.

बाकीच्या गायी पंधरवड्यात हौदाला सरावल्या. म्होरकीच्या डोळ्यांत मात्र त्याच सुमाराला सारा, म्हणजे पांढरा पडदा, उतरायला लागला. आधी डावा डोळा दुधाळ झाला, मग उजवा. गुरांच्या डॉक्टरांनी बॅटरी मारून पाहिलं आणि बॅटरी खिशात ठेवली. दिसेनासं झाल्यावर गाय पायांच्या आठवणीने चालते, आणि म्होरकीच्या पायांना एकच वाट आठवत होती. रोज ती चढ उतरून जायची आणि तारेला छाती लावून उभी राहायची. मागे तेराजणी. एकदा एक खांब कलला. ती आत गेली आणि सगळा कळप तिच्या शेपटीमागे.

योजनेची तपासनीस एक तरुण मुलगी होती. तांबडे-पांढरे पट्टे रंगवलेली काठी गवतात रोवून ती उंची मोजायची, म्हणून आक्का तिला पट्टीवाली म्हणायची. तिने पहिली नोटीस दिली तेव्हा चहा घेतला. पुढच्या उन्हाळ्यात दुसरी दिली तेव्हा घेतला नाही.

"राखीव वाट मागितली असती तर काही प्रश्नच नव्हता," ती म्हणाली. "खालच्या अंगाला सगळ्यांनी मागितली आहे. दोन हात रुंदीची, दगड टाकून."

"मग आता मागते."

"आता दहा वर्षांनी, आक्का. करार पुन्हा होईल तेव्हा."

भाऊ टेबलाशी बसला. त्याने वाटेसाठी विनंतीअर्ज लिहिला, त्याला उत्तर आलं की अकराव्या रकान्यात निरंक नमूद असल्याने विचार करता येत नाही. त्याने दुसरा लिहिला, तिसरा लिहिला. असे सात लिहिले. एका अर्जात त्याने लिहिलं की सदर चूक सर्वस्वी लेखनिकाची असून अर्जदाराचा तीत काही दोष नाही. सहीसाठी त्याने तो वाचून दाखवला, तशी आक्काने पेन खाली ठेवलं.

"खोटं का लिहितोस? मी म्हणाले होते तेच लिही म्हणून."

"पण प्रश्न मी वाचला होता. तू नव्हतास वाचला."

"न वाचता सांगणारी मीच," आक्का म्हणाली. "हेडक्लार्क असून चूक कुणाची ते कळत नाही तुला." मग थोड्या वेळाने, "सगळे अर्ज मोत्यासारखे आहेत रे. पण गाईला मोती पिता येत नाहीत."

म्होरकीला गोठ्यात बांधणं एवढंच उरलं होतं. आक्का रोज दोन वेळा तारेतून वाकून आत जायची. माणसाच्या पावलांना मनाई नव्हती. दोन बादल्या भरायच्या, एकेक करून तारेवरून बाहेर काढायच्या आणि चढ चढायचा. तिचे गुडघे आधीच कुरकुरत होते. म्होरकी बादलीत तोंड घालायची, थोडं प्यायची, मग मान वर करून खालच्या बाजूला कान द्यायची. दावणीला ती दिवसभर हंबरायची आणि तिचं हंबरणं ऐकून बाकीच्या चरायला पांगायच्या नाहीत, गोठ्याभोवतीच घुटमळायच्या. दूध आटायला लागलं. गाडीवाला चरव्या हलवून बघायचा आणि गाडीत चढवायचा.

तपासणीच्या दिवशी सकाळी दावं तुटलेलं होतं. आक्का खाली धावली. धावली म्हणजे तिच्याच्याने होईल तशी गेली. म्होरकी पाण्यात उभी होती, पोटापर्यंत, आणि पीत होती. किती तरी वेळ पीत होती. छातीवर तारेने ओरबाडलं होतं. आक्काने तिला ओढलं नाही. पिऊन होईतो काठावर बसून राहिली, मग घेऊन वर आली.

पट्टीवाली दुपारी आली. तिने गवत मोजलं, फोटो काढले आणि पाण्याच्या कडेला येऊन थांबली. चिखलात एकाच जनावराची खुरं होती.

"आक्का, इकडे हरणं येत असतील ना?"

"येतात कधी कधी."

"मग ही हरणाचीच असणार."

आक्का वाकली. "हरणाचा पाय एवढा? पोरी, तू एवढी शिकलेली ना?"

"मला कळतंय, आक्का. मी काय लिहायचं ते म्हणतेय."

"उजवा पुढचा फाटका आहे, दिसत नाही तुला? म्होरकीचा आहे तो."

मुलीने काठी जमिनीत रोवली आणि उपसली, पुन्हा रोवली. "मग मला तेच लिहावं लागेल. तिसरी वेळ आहे. पुढच्या आठवड्यात ट्रक येईल खांब उपटायला. खांब गेले की वरच्या अंगाची गुरंसुद्धा इथूनच उतरतील."

आक्काने पाण्याकडे पाहिलं. लव्हाळ्याच्या मुळाशी बोटभर मासे होते. ते गेल्या वर्षी नव्हते.

"आणि जनावरच हलवलं तर?"

"पंधरा दिवसांच्या आत हलवलं तर करार राहतो. तसा एक रकाना आहे."

"असणारच," आक्का म्हणाली.

गाडीवाल्याच्या मेहुण्याचा खाली सपाटीवर गोठा होता. "अंगण तळहातासारखं," गाडीवाला म्हणाला, "हौद दारात. म्हातारीला चालायलाच नको. पेन्शनच म्हणा ना, हेडक्लार्कसाहेबांसारखी." त्याला वाईट वाटलं की तो जास्तच बोलायचा.

न्यायच्या सकाळी आक्काने ओढ्याचं पाणी आणलं. एक बादली तिच्या हातात होती. दुसरी घेऊन भाऊ येत होता. अर्धं पाणी त्याच्या चपलांवर सांडलं होतं आणि तो धापा टाकत होता. आक्काने पाहिलं, पण थट्टा केली नाही. म्होरकी एक बादली प्याली. भावाच्या बादलीला तिने नुसतं नाक लावलं.

गाडीला फळी लावली होती. फळीशी येऊन म्होरकी थांबली. गाडीवाल्याने मागून रेटलं, शेपटी पिरगाळली, तोंडाने नाना आवाज काढले. गाय हलेना. फळीवर तिच्या पायांना काहीच ठाऊक नव्हतं.

"थांब," आक्का म्हणाली.

ती फळी चढून गाडीत गेली आणि तिकडून तिने नुसता घसा खाकरला, रोज मागून चालताना खाकरायची तसा. म्होरकीने कान टवकारले. मग फाटका खूर फळीवर ठेवला, दुसरा ठेवला आणि आक्काच्या आवाजामागे वर चढली. पन्नास वर्षांत आक्का गुरांच्या पुढे चालली ती तेवढी सहा पावलं.

बाराव्या दिवशी गाडीवाल्याने गाडी लावली आणि खाली उतरून टोपी काढली. "हौदाला तोंड नाही लावलं. बादलीने दिलं, पन्हाळीने दिलं. मेहुण्याने हात टेकले. तशी वयाने झालीच होती, आक्का."

"झालीच होती," आक्का म्हणाली. "चरव्या मोजून घे. आज चार आहेत."

भाऊ खिडकीत उभा होता. त्या दिवशी त्याने न सांगता शेणाचं टोपलं उचललं, आणि त्यानंतर रोज उचलत राहिला. गोठ्यात वाकताना त्याच्या खिशातलं पेन पडायचं, तेव्हा तो पेन घरात ठेवून यायला लागला.

पाचवी म्होरकी झाली नाही. हौद चाळीस पावलांवर होता. तिथे जायला कुणी पुढे लागत नाही. मागेही लागत नाही. आक्काची काठी दाराआड राहायला लागली.

दहा वर्षं भरली तेव्हा पट्टीवाली पुन्हा आली. आता ती मोठ्या हुद्द्यावर होती, काठी धरायला तिच्याबरोबर दुसरी मुलगी होती. तिने चहा घेतला. आक्का शहात्तर वर्षांची झाली होती आणि भावाचा हात कापायला लागला होता.

"आता सगळं सोपं केलंय," पट्टीवाली म्हणाली. "मधल्या काळातही वाट मागता येते. भाऊंचे सातही अर्ज आम्ही वर पाठवले होते. त्यांच्यामुळेच नियम बदलला, असं म्हटलं तरी चालेल. अकराव्या रकान्यात जागा दाखवा फक्त."

भावाने पेन उघडलं. तो आक्काकडे बघत नव्हता. "जुनीच जागा लिहू का? वळणावरची?"

आक्का खिडकीशी होती. खाली ओढा लव्हाळ्यात दिसेनासा झाला होता, नुसता ऐकू येत होता. जुन्या वाटेवर कमरेइतकं गवत होतं. गोठ्यातल्या गायींपैकी एकीच्याही पायाला कधी ते पाणी लागलेलं नव्हतं.

"कुणासाठी?" ती म्हणाली. "उतरणारी एक नाही राहिली."

"मग कोरा ठेवू?"

"तू? कोरा?"

भाऊ किंचित हसला. मग कागदावर वाकला आणि हळूहळू तेच 'निरंक' लिहिलं. अक्षर ओळीखाली घसरलं होतं. आक्काने शाई वाळेपर्यंत कागद हातात धरला, वाचल्यासारखा, आणि सही करून दिला. पाहुण्या गेल्यावर तिने दाराआडची काठी घेतली आणि बाहेर आली. गायी आधीच हौदावर पोचल्या होत्या.