सावकाशरावांची इस्टेट

त्यांना सगळे सावकाशराव म्हणत. हे नाव त्यांच्या कामानं त्यांना चिकटवलं होतं. ते शववाहिनी चालवत. लांब काळी गाडी, तिच्यामागे नातेवाइकांच्या गाड्यांची रांग, आणि सगळ्यांच्या पुढे काळ्या कोटातले सावकाशराव. रस्त्यातला खड्डा त्यांना लांबूनच दिसे, आणि तो ते असा काही चुकवत की मागच्या पेटीवरचं एक फूलसुद्धा जागचं हलत नसे. त्यांच्या कंपनीचे म्हातारे मालक म्हणत, "सावकाशराव असले की कुणाची तक्रार येत नाही. मागच्याची तर नाहीच नाही."

लग्नाआधी हाच माणूस वर्तमानपत्रांची गाडी चालवायचा, हे मात्र फारच थोड्यांना ठाऊक होतं. पहाटेचे मोकळे रस्ते, मागे गठ्ठे आणि गावोगाव थांबलेले विक्रेते. उशीर झाला की शिव्या खायच्या, म्हणून उशीर करायचाच नाही. पुढे संसार आला, बारा महिने चालणारी नोकरी हवी झाली, आणि शववाहिनीला कधी मंदी येत नाही, म्हणून ते तिकडे गेले. त्यात त्यांनी दुःख मानलं नाही. पण एखादी वेगवान गाडी आवाज करत शेजारून गेली की त्यांचा उजवा पाय आपोआप खाली दबे, आणि लगेच ते तो उचलून घेत.

घरची गाडी म्हणजे चार चाकांवरचा पत्र्याचा डबा. बायको लोकांचे पडदे शिवी आणि घरोघरी जाऊन लावूनही देई. पडद्यांचे लांब रॉड गाडीत मावत नसत, म्हणून ते खिडकीतून बाहेर काढून टोकाला लाल चिंधी बांधावी लागे. मुलगी लग्न होऊन घाटापलीकडच्या शहरात गेली होती. तिच्याकडे जायचं म्हणजे घाटात डबा धापा टाकायला लागे. एकदा चढावर कोबीनं भरलेला एक ट्रक हॉर्न वाजवत त्यांना मागे टाकून गेला.

"अहो, कोबी पुढे गेला," बायको म्हणाली.

ती चिडवायला म्हणाली नव्हती, दिसलं ते म्हणाली. पण सावकाशरावांना ते फार लागलं. घरी आल्यावर त्यांनी जुन्या गाड्यांच्या जाहिराती वाचायला सुरुवात केली.

त्यांना इस्टेट गाडी हवी होती. म्हणजे छप्पर थेट मागच्या दारापर्यंत गेलेली, मागचं सीट पाडलं की माणूस आडवा झोपेल एवढी जागा असलेली. आणि इस्टेटमध्येही साधी नको, दमदार इंजिनाची हवी. बाहेरून भाजी आणायला निघाल्यासारखी दिसते, पण पाय दाबला की भल्याभल्यांना मागे टाकते, अशी. नवी असताना अशा गाडीकडे त्यांनी काचेबाहेरूनच पाहिलं असतं. जुनी झाली की मात्र तिची किंमत धाडकन खाली येते. हे कसं काय, असं त्यांनी कंपनीच्या गाड्या बघणाऱ्या मेकॅनिकला विचारलं.

"कारण ती पोसायला जड असते," मेकॅनिक हात पुसत म्हणाला. "हत्ती कुणीही फुकट देईल हो, रोजचा चारा कोण घालणार? माझं ऐका. जवळ आहेत त्यातले अर्धेच पैसे गाडीवर घाला. उरलेले शिल्लक ठेवा, वर्षाच्या आत ती मागणारच. आणि बघायला जाल तेव्हा इंजिन थंड असू द्या. आजारी इंजिन सकाळी उठतानाच कण्हतं."

मुलीला फोनवर सांगितलं तेव्हा ती हसत सुटली. "बाबा, तुम्ही इस्टेट घेताय? मग वाटणी कशी करायची?"

पहिली गाडी एका दलालाकडे होती. तो इतका गोड बोलत होता की सावकाशरावांना मान डोलावून डोलावून कंटाळा आला. त्यांनी सहज बॉनेटवर हात ठेवला, तर ते तव्यासारखं गरम. "आत्ताच जागा बदलून लावली," दलाल म्हणाला. सावकाशराव बरं म्हणाले आणि घरी आले. दुसरी गाडी लाल होती, नवरीसारखी नटवलेली. मागचा गालिचा उचलून पाहिला तर खालचा पत्रा चुरगळून पुन्हा सरळ केलेला. कधीतरी मागून जबरदस्त धडक बसली असणार. तिथूनही ते नुसतं बरं म्हणून निघाले. दुसऱ्याचं पितळ उघडं पाडणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं.

तिसरी गाडी एका बंगलीच्या आवारात उभी होती. करड्या रंगाची, एका दारावर ओरखडा, बाकी जशीच्या तशी. इंजिन गार होतं. किल्ली फिरवली तेव्हा ते एकदाच खाकरलं आणि मग शांतपणे गुरगुरू लागलं. मालकीणबाई वयस्कर होत्या. त्यांचे यजमान दातांचे डॉक्टर होते, ते गेल्या वर्षी वारले. मुलगा परदेशी. बाईंना गाडी येत नव्हती. त्यांनी सावकाशरावांना घरात बोलावलं आणि चहा पुढे ठेवला. अर्धा कप होतो न होतो तोच त्या निरखून पाहत म्हणाल्या,

"तुम्ही त्या काळ्या गाडीवर असता ना?"

सावकाशरावांचा कप हातातच राहिला. "हो."

"आमच्या यांना तुम्हीच नेलंत. मुलगा तुमच्यामागे हीच गाडी चालवत होता. सारखा चिडत होता, हा माणूस चालवतोय की ढकलतोय म्हणून. मी म्हटलं, असू दे रे. यांनी जन्मभर गाडी हाणली, माझा जीव मुठीत. आज पहिल्यांदा कुणीतरी यांना हळू नेतंय."

आणि मग सावकाशरावांनाही आठवलं. आरशात दिसणारी करडी गाडी, हळू चालायचं माहीत नसल्यासारखी गचके खात येणारी.

"गाडी तुम्हीच घ्या," बाई म्हणाल्या. "जाहिरातीतली किंमत सोडा. तुम्ही म्हणाल ती."

आता खरं तर सोनं चालून आलं होतं. पण नोकरीच्या पहिल्याच दिवशी मालकांनी त्यांना सांगितलं होतं की आपण ज्या घरी जातो तिथून पैसुद्धा जास्तीची घ्यायची नाही, चहासुद्धा नाही. त्या घरातली माणसं त्या वेळी काहीही देऊन बसतात. सावकाशरावांनी ते आजवर पाळलं होतं. त्यांनी कप खाली ठेवला, विचार करून सांगतो म्हणाले आणि बसनं घरी आले.

बायको पडद्याला चुण्या घालत होती. तिनं शिलाई मशीन न थांबवता सगळं ऐकलं.

"गाडी चांगली होती?"

"उत्तम."

"जाहिरातीतली किंमत आपल्याला झेपते?"

"झेपते, पण शिल्लक काही उरत नाही. आणि त्या कमी करून देत होत्या, तेच नको वाटलं."

आता मशीन थांबलं. "मग कमी करून घेऊ नका ना! पूर्ण किंमत द्या. त्यांनाही पैसे हवेच असतील, उगाच का कुणी जाहिरात देतं? भल्या बाईला अर्धा चहा टाकून ताटकळत ठेवलंत ते ठेवलंत, आणि वर हात हलवत घरी आलात."

सावकाशरावांच्या डोक्यात हे आलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बायको मापाची टेप घेऊन स्वतःच गेली. तिनं आधी मागची जागा मापली. सगळ्यात लांब रॉड तिरका ठेवला तर आरामात बसत होता. मग दोघी बायका किमतीवरून भांडल्या. विकणारी कमी घेईन म्हणून हटून बसली आणि घेणारी पूर्णच देईन म्हणून. शेवटी बायकोनं बैठकीच्या खोलीतल्या विटलेल्या पडद्यांकडे बोट दाखवलं. "पैसे पूर्ण घ्या. आणि हे पडदे मी तुम्हाला नवे शिवून देते, कापड तेवढं तुमचं." त्यावर व्यवहार मिटला. गाडी बायकोच्या नावावर झाली.

मेकॅनिकनं कपाळाला हात लावला. "शिल्लक?"

"नाही," सावकाशराव म्हणाले.

आणि तो म्हणाला होता ते खरं ठरलं. तीन महिने गाडी झकास चालली आणि मग एका सकाळी इंजिनातून खुळखुळा वाजवल्यासारखा आवाज यायला लागला. आतली साखळी सैल झाली होती. अशीच चालवली असती तर इंजिनच गेलं असतं. नवी साखळी टाकायची म्हणजे अर्धं इंजिन उघडायचं. गाडी मेकॅनिकच्या आवारात ताडपत्रीखाली पडून राहिली. सावकाशराव सुट्टीच्या दिवशीही काळी गाडी चालवू लागले, बायकोनं एका वसतिगृहाचे सगळे पडदे अंगावर घेतले. पुन्हा तोच अजून न विकलेला डबा, रॉड खिडकीबाहेर आणि टोकाला लाल चिंधी. शेजारी विचारत, "काय सावकाशराव, इस्टेट कुठे गेली?" ते म्हणत, "दवाखान्यात." एकदा त्यांनी बायकोला विचारलं, "कमी करून घेतली असती तर आज हे पैसे हाताशी असते, नाही?" ती म्हणाली, "असते. आणि तुम्ही दर वेळी किल्ली फिरवताना तोंड वाकडं केलं असतंत. त्यापेक्षा हे बरं." ते हसले. तिचं म्हणणं खोटं नव्हतं.

गाडी परत आली त्याच रविवारी दोघं मुलीकडे निघाली. घाटाच्या पायथ्याशी पुढे दोन ट्रक लागले. सावकाशरावांनी नेहमीच्या सवयीनं अंतर ठेवलं. पुढे रस्ता सरळ आणि रुंद झाला, समोरून कुणी येत नव्हतं. त्यांनी आरशात पाहिलं, दिवा दाखवला आणि पाय दाबला.

गाडीनं आवाज फारसा केलाच नाही. नुसती पाठ सीटला चिकटली आणि ट्रक मागे सरकले. किती वर्षांनी तो वेग पुन्हा पायाखाली आला! डोळ्यांत पाणी येतंय की काय असं वाटून त्यांनी जोरजोरात पापण्या हलवल्या. वळण जवळ आलं तसा त्यांनी वेग उतरवला आणि गाडी पुन्हा रांगेला लावली. बायको हँडल धरून समोर बघत होती. ती आता ओरडणार अशी त्यांची खात्री होती.

"अजून आहे का हिच्यात?" तिनं विचारलं.

"आहे की."

"मग पुढचा सरळ रस्ता आला की सांगा. मी पिशवी नीट धरते."

मुलीच्या दारात पोचले तेव्हा ती ओल्या केसांना टॉवेल गुंडाळून बाहेर आली. स्वयंपाकाला तिनं अजून हातही लावला नव्हता. "इतक्या लवकर?" ती म्हणाली, आणि बाबांकडे न बघता, पिशवी सावरत हसणाऱ्या आईकडे बघू लागली.