बाबांच्या डायलिसिसची खुर्ची शोधताना: खडकी ते कात्रज ते येरवडा

बाबांना आता आठवड्यातून दोनदा डायलिसिस लागणार, असं डॉक्टरांनी सांगितलं, आणि मी ठरवलं की केंद्र आपण स्वतः जाऊन बघायचं. खडकीत घराजवळ जागा रिकामी नव्हती. मग थंडीतल्या एका सकाळी आम्ही दोघं निघालो. शेजाऱ्यांना बाबांनी सांगितलं, "सहलीला चाललोय."

खडकीहून मेट्रोने स्वारगेट गाठणं सोपं. शिवाजीनगरपाशी गाडी जमिनीखाली शिरली आणि काचेत आमचेच चेहरे तरंगायला लागले. बाबांचा डोळा लागला. स्वेटरखाली, गळ्याशी, रक्त न्यायची-आणायची नळी बसवली होती. वाटलं, ही गाडी अशीच चालत राहावी, कुठे पोचूच नये.

स्वारगेटहून बसने कात्रज. धुक्यात डोंगर निळसर, जागेवरून किंचित सुटल्यासारखे. डेअरीशेजारी मी लस्सी घेतली. बाबांना पाणीसुद्धा मोजून.

"एक घोट?"

"एकच हं, बाबा."

त्यांनी तो डोळे मिटून घेतला.

केंद्र दुसऱ्या मजल्यावर. खिडकीतून घाट दिसत होता. शाल पांघरून बसलेल्या एक काकू म्हणाल्या, "लय चांगलं हाय. घरच्यावानी वागवत्यात." बाबा खूश. मीही हो म्हणणार, तेवढ्यात सिस्टरने एका पेशंटची सुई काढली आणि त्याच हातमोज्यांनी काकूंची नळी हातात घेतली.

"सिस्टर, ग्लोव्ह्ज!"

ती दचकली, मोजे बदलले. मॅनेजर मॅडम म्हणाल्या, "गर्दीत होतं कधी कधी."

"बी आणि सी काविळीच्या पेशंटना मशीन वेगळं आहे ना?"

"ते बघावं लागेल."

बाहेर आल्यावर बाबा फुटपाथवरच थांबले. "छान होतं की गं. खिडकी होती. किती फिरवशील मला?"

"अजून एकच."

"आणि तेही नाही पटलं तर?"

मी त्यांच्या स्वेटरचं वरचं बटण लावलं.

स्वारगेटहून पुन्हा मेट्रो, सिव्हिल कोर्टला गाडी बदलून येरवडा. बंडगार्डननंतर नदी लागली. दुपारच्या उन्हात पाणी इतकं स्तब्ध, की पूलच वाहतोय असं वाटलं.

हे केंद्र एका गल्लीत, तळमजल्यावर. खिडकीबाहेर भिंत. सिस्टर म्हणाल्या, "आपण आत या, पण आधी हात धुवा. मास्क तिथे आहेत." काविळीच्या पेशंटसाठी वेगळी खोली होती. मशीनच्या पाण्याच्या तपासणीचा रिपोर्ट मागितला, तर लगेच दाखवला.

रशीदचाचा नावाचे एक टेलर दाराजवळच्या खुर्चीत डायलिसिस घेत होते. आमच्याशी बोलता बोलता त्यांचा चेहरा एकदम पांढराफटक पडला. सिस्टरनी खुर्ची मागे झुकवली, पाय वर घेतले, मशीनवरची बटणं दाबली आणि डॉक्टरांना हाक मारली. रक्तदाब एकदम उतरला होता. डॉक्टर शेजारच्या खोलीतून आलेच. कुणी ओरडलं नाही, कुणी धावलं नाही. मशीनची घरघर तेवढी चालू होती. हळूहळू चाचांच्या ओठांवर रंग परतला.

बाबांनी स्टूल त्यांच्याजवळ ओढलं. "चाचा, भीती वाटली?"

"वाटली ना. पण सिस्टर समोर दिसत होती. मग डोळा लागला. स्वप्नात चहा मिळाला होता, तुम्ही उठवलंत."

बाबा मोठ्याने हसले. कितीतरी दिवसांनी.

अशी केंद्रं बघायला जाणार असाल, तर पेशंट असताना जा. रिकाम्या हॉलमध्ये काहीच कळत नाही. सरकारी योजनेत मोफत डायलिसिस होतं का, ते फोनवरच विचारून घ्या.

संध्याकाळी रिक्षाने घरी आलो. बाबा आजारी पडल्यापासून मी दुसऱ्या खोलीत गेले तरी हाक मारायचे. त्या दिवशी जेवताना म्हणाले, "तू रजा नको टाकूस. मला सोडायचं आणि ऑफिसला जायचं."

मंगळवारी त्यांना येरवड्याच्या केंद्रात सोडलं. दारातून वळून हात हलवला, तर बाबा चाचांशी बोलण्यात गुंग. माझ्याकडे त्यांचं लक्षच नव्हतं.