विळ्यावरचं रक्त

'उडव' या एका शब्दापायी मी माझ्या जावेला दुसऱ्यांदा रक्तबंबाळ केलं. पहिल्यांदा ते अस्वलानं केलं होतं, पण त्याला निदान मराठी येत नव्हतं. मी तर शाळेतली चित्रकलेची निवृत्त बाई. साठी नुकतीच ओलांडलेली, म्हणजे अक्कल यायला अजून अवकाश होता.

धामणगाव बढेजवळच्या आमच्या शेतात गवत कापताना धाकट्या जावेवर अस्वल आलं. एका पंजात त्यानं तिचा गाल कानापर्यंत उघडा केला, खांदा दातांत धरून तिला बांधापर्यंत फरफटवलं. फरफटत असतानाच ती विळ्यानं त्याच्या नाकावर मारत राहिली, नाक फाटून ते केकाटत पळेपर्यंत. गावात मात्र बोलणं फक्त तिच्या गालाचं. माझ्या नातीनं आणि तिच्या मैत्रिणींनी कॉलेजसाठी यावर ॲनिमेशन फिल्म करायची ठरवली, तेव्हा जावेनं एकच अट घातली. मी मारलं ते दिसलं पाहिजे, नाहीतर फिल्म कोणालाच दाखवायची नाही.

एकीनं शेत काढलं, एकीनं अस्वल, एकीनं जाऊ. काचेवर काच ठेवावी तसे हे थर कॉम्प्युटरवर एकावर एक चढवून दृश्य जुळवायचं काम नातीचं. रक्त माझ्याकडे. दात घासायच्या ब्रशनं कागदावर लाल शाई उडवायची, स्कॅन करायची आणि सगळ्यांत वरच्या थरात बसवायची. नातीनं शिकवलं होतं, आणि शिकल्याची माझी मिजास तर विचारूच नका.

जावेला फिल्म दाखवायच्या दिवशी नात आवाजाच्या कामाला खामगावला गेली होती. तिथून फोन आला, "आजी, विळ्यावरचं रक्त उडव."

मला वाटलं, पोरीला अखेर माझी कला कळली. उडवलं. विळा वर गेला की शिंतोडे, खाली आला की चिळकांडी. नाक, मूठ, पातं, सगळं लाल. ती 'काढून टाक' म्हणत होती, हे माझ्या डोक्यात आलंच नाही.

संध्याकाळी नात ऐन वेळेला परतली आणि घरच्याच भिंतीवर फिल्म लावली. जाऊ सगळ्यांत पुढे. अस्वल दोन पायांवर उठलं, गाल फाटला, आतलं हाड दिसलं, आणि मग भिंतभर नुसतं लाल. त्या लालात कुठेतरी ती जिवाच्या आकांतानं मारत होती आणि कोणालाच दिसत नव्हती. नात माझ्याकडे बघत होती, मी छताकडे.

जावेनं फिल्म थांबवायला लावली. गालावरचा व्रण चोळला आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "बाई, एवढं रगत माह्या आंगात असतं तं अस्वलच भेऊन पळालं असतं. ते पुसा अन् माहा इळा दिसू द्या, मंग बलावतो मी साऱ्या गावाले."